पोळ्याच्या ताटातलं तूप

माय,

तुला पत्र लिहायला बसले की आधी हसूच येतं. तुला वाचता कुठं यायचं? मामाचं कार्ड आलं की तू ते माझ्या हातात द्यायचीस आणि मी वाचत असताना कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत बसायचीस. चांगलं-वाईट काय असेल ते तुला माझ्या तोंडावर आधीच कळायचं. आता तर तूही नाहीस, म्हणजे हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही, हे दोन्हीकडून पक्कं. तरी लिहिते आहे, कारण मला एक नवल सांगायचंय आणि ते सांगण्यासारखं माणूस तुझ्याशिवाय मला नाही. आबांना काय झालं होतं ते मला कळलं, माय. नुसतं कळलं नाही, मी ते या डोळ्यांनी पाहिलं.

सुरुवात तुझ्या बापापासून करते, कारण गोंधळ तिथूनच आहे. केदारखेड्याचा आजा म्हणजे बैल पारखण्यात नावाजलेला माणूस. बाजारात कुणाला बैल घ्यायचा असला की आधी आज्याला चहा पाजायचे. तो दात बघायचा, वशिंड चाचपायचा आणि शेवटी मागं उकिडवा बसून मागच्या पायाची नस अंगठ्यानं दाबायचा. तुझ्यासाठी स्थळ बघायला गेला तेव्हाही त्यानं दुसरं काही केलं नाही. आबा पाय धुवायला वाकले आणि आज्याची नजर त्यांच्या टाचेवर गेली. टाचेच्या वरची नस दोन बोटं जाड, टणक. घरी येऊन तो आजीला म्हणाला, "जमीन किती, घर कसं, ते ऱ्हाऊ दे. पोराची नस पाह्यली म्या. बिलकुल बैलाची नस हाये. जल्मभर वढंल, थकायचं न्हाई." हे तू मला शंभरदा सांगितलंस, दरवेळी पदराआड हसत. आबांच्या बोटांच्या सांध्यांवरही तशाच टणक गाठी होत्या आणि डोळ्यांच्या कडेला पिवळट ठिपके. त्यांच्या घरात बऱ्याच जणांना ते असायचं आणि सगळे मोठ्या तोऱ्यात त्याला घराण्याची खूण म्हणायचे. आजा माझा फार लाडका होता, पण काय सांगू तुला, ज्या गोष्टीवर भाळून त्यानं पोरगी दिली तोच आजार होता.

मी अकरा वर्षांची होते. जालना जिल्हा नवानवा झाला होता, लोक पत्त्यावर अजून औरंगाबादच लिहायचे. नांगर धरताना आबांच्या छातीत कळ यायला लागली, तेव्हा तू हट्ट धरून त्यांना जालन्याला नेलंस. डॉक्टरनं रक्त तपासायला लावलं आणि सांगितलं, रक्तात चरबी फार आहे, तेल-तूप बंद. त्या दिवशी तू एसटीतून उतरलीस ती थेट चुलीपाशी गेलीस आणि तुपाचं भांडं उतरंडीच्या मागं नेऊन ठेवलंस. आबांनी चार महिने कोरडं खाल्लं, कुरकुर करत का होईना. मग पोळा आला. बैल रंगवले, शिंगांना बेगड लावली, वेशीतून मिरवून आणले. तू आधी बैलांना पुरणाची पोळी चारलीस, मग आबा जेवायला बसले. तू चुलीपुढं, तुझे हात पिठानं भरलेले, तव्यावर पोळी फुगते आहे. "पोळ्याच्या दिवशी कोरडी पोळी कुठं खात्यात का?" असं आबा म्हणाले, आणि त्यांच्या पोळीवर तूप पडलं. चांगलं चमचाभर. त्यांनी ते बोटानं पसरवलं आणि डोळे मिटून खाल्लं. दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडता सोडता आबा गोठ्यात खाली बसले ते उठलेच नाहीत. एक्केचाळीस वर्षांचे होते.

दहाव्याला आत्यानं भरल्या अंगणात विचारलं, "डाक्टरनं न्हाई म्हन्लं व्हतं ना? मंग मह्या भावाच्या ताटात तूप कुनं वाढलं?" मी तुझ्या मागं तुझा पदर धरून उभी होते. तू मान वर केलीस आणि म्हणालीस, "म्या वाढलं." बास. ना रडलीस, ना शब्द जास्त बोललीस.

त्या दोन शब्दांवर तुझा पुढचा सगळा जन्म गेला. भावकीत लग्न असो की बारसं, पंगतीत वाढायला बायका उठल्या की आत्या लांबूनच म्हणायची, "तुपाला दुसरं कुनीबी जा." आणि तू मुकाट मागच्या बाजूला, खरकट्या भांड्यांपाशी. तू म्हैस विकलीस. स्वतःच्या जिभेला तूप लावलं नाहीस, माझ्या भाजीतही तेल थेंबभर. मी एकदा ताट सरकवून म्हणाले होते, "माय, तुझ्या भाजीपेक्षा कडबा बरा." तू म्हणालीस, "खा मंग कडबा. कडबा खाऊन बैल दांडगाच ऱ्हातो." तुझं तोंड जगापुढं कधी उघडायचं नाही, माझ्यापुढं मात्र बराबर चालायचं.

पुढं मी जालन्याला शिकले, मग औरंगाबादेला, आणि हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले. तू गावात सांगायचीस, "पोरगी रगत तपासती." एका सुट्टीत आपण दोघी ज्वारी निवडत बसलो होतो. तू सुपातून मान वर न काढता विचारलंस, "रगतात काय लिवलेलं असतं का गं?" मी म्हणाले, असतं की, फार बारीक अक्षरांत. "मंग तुह्या आबाच्या रगतात काय लिवलं व्हतं, ते कळंल का?" आणि मी, शिकलेली शहाणी, म्हणाले, "माणूस गेलं की रक्त गेलं. आता ते कुठून आणायचं?" तू परत खडे वेचायला लागलीस. पुढच्याच वर्षी पोटाच्या दुखण्यानं तू गेलीस. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते, कारण ते साफ चूक होतं. आबांचं रक्त कुठंही गेलेलं नव्हतं. ते तुझ्यासमोर बसून ज्वारी निवडत होतं.

तू गेल्यावर पाच-सहा वर्षांनी आमच्या मॅडमनी नवं काम हाती घेतलं. मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य, मूळच्या सोलापूरच्या, बोलायला तिखट आणि कामाला त्याहून तिखट. काही घराण्यांत रक्तातलं कोलेस्टेरॉल, म्हणजे डॉक्टरनं सांगितलेली तीच ती चरबी, जन्मापासूनच वाढलेलं असतं आणि माणसं ऐन उमेदीत हृदयविकारानं जातात. अशा घराण्यांत नेमकं काय बिघडलेलं आहे ते शोधायचं होतं. पहिल्याच दिवशी मॅडमनी एका पुस्तकातला फोटो दाखवला. माणसाची टाच, मागून काढलेली. वरची नस दोन बोटं जाड. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, ही तर आमच्या आबांची टाच!" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चप्पल काढ बघू." भर खोलीत मी चप्पल काढून उभी, आणि त्या उकिडव्या बसून माझ्या टाचेमागं अंगठा दाबताहेत. मला केदारखेड्याचा आजाच आठवला. "उद्या तुझं रक्त घेऊ," म्हणाल्या. दोन दिवसांनी माझं कोलेस्टेरॉल कळलं. आयुष्यभर तुझ्या हातचं कोरडं खाऊनसुद्धा ते हवं त्याच्या दुपटीच्या वर होतं.

माणसाच्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत, म्हणजे बारीकशा जिवंत कणात, तीनशे कोटी अक्षरं असतात, माय. अक्षरं चारच, पण तीच पुन्हापुन्हा येऊन एवढी ओळ होते. आणि तेवढ्यात डोळे, नाक, टाच, सगळं सांगितलेलं असतं. माझ्या रक्तातली ती ओळ आम्ही नेमक्या जागी वाचली तेव्हा तिथं एक अक्षर वेगळं निघालं. एकच. मी उडीच मारली. "मॅडम, सापडला चोर!" त्या म्हणाल्या, "बस खाली. प्रत्येक माणसात अशी लाखो अक्षरं वेगळी असतात आणि बहुतेक बिचारी कुणाचं काही बिघडवत नाहीत. आजार होता आणि तिथं हे अक्षर होतं, एवढ्यावर ह्यानंच केलं म्हणायचं? शेजारी चोरी झाली तेव्हा तू गल्लीतून जात होतीस, म्हणून तू चोर?" मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं आणि तिथंच रडले. पोळ्याला तूप वाढलं, करीला माणूस गेला, म्हणून तुपानंच मारलं. तुझा निवाडा एवढ्यावरच तर झाला होता. इथं एका अक्षरावर आळ घ्यायलासुद्धा ही बाई पुरावा मागत होती. तुझ्यासाठी अंगणभर माणसांत तो एकानंही मागितला नाही.

मॅडम म्हणाल्या, आधी घराणं तपास. ज्याला आजार त्याच्यात हे अक्षर सापडलं पाहिजे, ज्याला नाही त्याच्यात सापडता कामा नये. म्हणून मी बर्फाची पेटी घेऊन भोकरदनहून जीपनं पिंपळगाव रेणुकाईला, आत्याच्या घरी उतरले. भावकीतल्या चौदा जणांनी तिथं येऊन दंड पुढं केले. पण मेलेल्यांचं काय करायचं? त्यांच्यासाठी माझ्याकडं आत्याच होती. माहेरी लहानपणी शेतातून आलेल्या पुरुषांच्या पायांवर पाणी घालायचं काम तिचं होतं. तिला विचारलं, "आत्या, घरात जाड टाचा कुणाकुणाच्या होत्या गं?"

"टाचा?" आत्या म्हणाली. "येवढं शिकूशिकू टाचा मोजून राह्यली का तू?" पण मग बोटं मुडपायला लागली. "मह्या बापाच्या व्हत्या. धाकल्या काकाच्या व्हत्या. थोरल्या काकाच्या न्हाई, त्याचे पाय काटकुळे." कोण कसं गेलं, विचारलं. "बाप वखर हाकता हाकता पडला, चाळिशीबी न्हाई पाह्यली त्यानं. धाकला काका बाजारातून येता येता. थोरला काय, काठी टेकीत टेकीत नव्वदीला गेला." मुडपलेली बोटं तशीच हवेत. "तवा तर तुही माय आमच्या घरात आल्तीच न्हाई," ती हळूच म्हणाली. मग एकदम आवाज चढवून, जणू मीच काही बोलले होते, "पर तूप तर तिनंच वाढलं व्हतं ना!" मी खाली बघितलं. लुगड्याखालून तिच्या स्वतःच्या टाचा दिसत होत्या, आबांच्या होत्या तशाच. शेवटी तिनंही दंड पुढं केला. "घे रगत. पर खर्चा म्या देनार न्हाई." तिच्यामागं तिचा पोरगा, माझा आतेभाऊ, तेव्हा पस्तिशीचा, ट्रॅक्टरवरून उतरून हात पुसत आला.

चौदा जणांत ज्यांची चरबी वाढलेली होती त्या प्रत्येकात ते अक्षर निघालं, बाकी एकातही नाही. नात्यातल्या नसलेल्या धडधाकट माणसांची रक्तं तपासली, त्यांच्यातही नाही. मॅडम म्हणाल्या, "संशय पक्का झाला. आता ते अक्षर काय करतं ते बघू." माय, हेच मला तुला सांगायचंय, नीट ऐक. आपल्या काळजाशेजारी जे यकृत असतं, त्याच्या कणाकणावर बारीक दारं असतात. रक्तातली चरबी ती दारं आत ओढून घेतात आणि रक्त साफ राहतं. आपल्या घराण्यातलं बदललेलं अक्षर त्या दाराच्या घडणीतलं होतं. मग आम्ही असे जिवंत कण घेतले ज्यांना स्वतःचं दारच नव्हतं. काही बश्यांत चांगलं दार घडवणारी ओळ घातली, काहींत माझ्या रक्तातली, त्या एका अक्षरासकट, आणि काहींत काहीच नाही. वरून चरबी सोडली, तिला असा रंग दिलेला की विशिष्ट उजेडात ती नारिंगी चमकावी. कुठल्या बशीत काय, ते मॅडमनी कागदावर लिहून कागद आपल्या कपाटात ठेवला, बश्यांवर नुसते आकडे. "तुझा जीव ह्यात अडकलाय," म्हणाल्या, "म्हणून तुला कळता कामा नये."

भर दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, मी अंधार केलेल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिली बशी. माय गं! प्रत्येक कण आतून नारिंगी ठिपक्यांनी भरलेला, दाटीवाटीनं, मोजता येऊ नयेत एवढे. ती दारं उघडत होती आणि चरबी आत जात होती, आणि मी हे माझ्या डोळ्यांनी बघत होते. दुसरी बशी ठेवली. काळोख. कुठंतरी एखादा ठिपका, बाकी सगळं विझलेलं. तिसरीतही काळोख. पुन्हा नव्यानं बश्या केल्या, पुन्हा आकडे बदलले, तीन वेळा तेच. मग मॅडमनी कपाट उघडून कागद माझ्यापुढं ठेवला. उजळलेल्या सगळ्या बश्या चांगल्या ओळीच्या. काळोखाच्या बश्यांतली एक काहीच न घातलेली, दुसरी माझी. माझी म्हणजे आबांची, आबांच्या बापाची, त्या वखर हाकता हाकता पडलेल्या माणसाची.

खरं तर मला भीती वाटायला हवी होती, दोष माझ्यातच होता. पण मला नुसतं नवल वाटलं. तीनशे कोटी अक्षरांत एक अक्षर, आणि त्यानं एका घराण्यातले कर्ते पुरुष एकेक करून उचलले. माणसाला एक ओळ आईकडून मिळते, एक बापाकडून; आबांना बापाकडची बिघडलेली आली, म्हणून पाळण्यात होते तेव्हापासून त्यांची निम्मी दारं बंद होती. त्यांनी तूप चाखण्याच्या आधीपासून, तू या घरात येण्याच्या वीस वर्षं आधीपासून. मी मॅडमना विचारलं, "एका पोळीवरच्या तुपानं काही झालं असेल?" त्यांनी चष्मा काढला. "पथ्य करायचंच, गोळ्याही घ्यायच्या. पण ज्याच्या रक्तवाहिन्या चाळीस वर्षं बुजत आल्यात, त्याला एका चमच्याचा हिशेब कसला विचारतेस?" त्या पोळ्याचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. तरी त्यांचा हात माझ्या पाठीवर आला.

मी पुन्हा पिंपळगावला गेले. आत्याला सगळं सांगितलं, जमिनीवर काड्या मांडून सांगितलं. तिच्यातही ते अक्षर आहे आणि तिच्या पोरातही. बायकांना त्यानं जरा उशिरा गाठलं, म्हणून ती आहे. तिनं त्यातली पोराची काडी उचलली. मग म्हणाली, "म्हंजी मह्या पोराला म्याच देलं?" माय, माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. वीस वर्षं पाजवून ठेवलेलं. व्हय आत्या, तूच वाढलंस. असं म्हणायला मी मोकळी होते, भर अंगणात. पण तिचं तोंड दहाव्याच्या दिवशीच्या तुझ्या तोंडासारखं झालं होतं. मी म्हणाले, "देणं आपल्या हातात नसतं, आत्या. तुला तुझ्या बापानं दिलं, ते काय विचारून दिलं? तो रोज गोळी घेईल, मीही घेते. आता त्यावर इलाज आहे." तेव्हा ती रडली. माझा हात धरून म्हणाली, "तुही माय मह्यापुढं एकदाबी बोल्ली न्हाई गं. एकदाबी न्हाई."

त्याच वर्षी तिच्या नातवाचं बारसं होतं. पंगत बसली आणि आत्यानं सगळ्यांसमोर तुपाचं भांडं माझ्या हातात दिलं. "तुह्या मायच्या नावानं तूच वाढ. तिनं कुनाला मारलं न्हाई, समद्यांनी ऐका." बायका डोळे पुसायला लागल्या. आणि माझ्याकडून पहिल्याच ताटात तूप पोळीच्या बाहेर सांडलं. सगळ्यांना वाटलं, आईची आठवण आली पोरीला.

भांड्याचं वजन ओळखीचं होतं, माय. त्या पोळ्याला तुझे हात पिठात होते. उतरंड न हलवता तिच्या मागं माझाच बारीक हात पोचायचा. आबांनी माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला आणि मी गुपचूप भांडं काढून आणलं. तू चुलीपुढून वळलीस तेव्हा चमचा माझ्या हातात होता. तू ताटाकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि परत पोळी उलटायला वळलीस, सणाच्या दिवशी कशाला बोलायचं म्हणून. दहाव्याला आत्यानं विचारलं तेव्हा माझं तोंड उघडलं होतं. तुझा हात मागं आला आणि त्यानं माझं मनगट घट्ट दाबलं. मग तू म्हणालीस, म्या वाढलं.

नंतर आपण दोघी त्यावर कधीच बोललो नाही. तूप ना तुझ्या हातून मारतं ना माझ्या, हे आज मला बश्यांत बघून माहीत आहे. तुला मात्र ते माहीत नव्हतं. तुला वाटत होतं की पोरीच्या हातून बाप गेला, आणि तेवढं समजून तू ते अंगावर घेतलंस, मला जेवू घातलंस, शिकवलंस, माझ्याशी थट्टा केलीस. ते अक्षर मला सापडलं, पण हे तू कसं केलंस ते मला कुठल्याच काचेतून दिसणार नाही.

आत्या अजून आहे. थकली आहे, पण कान शाबूत आहेत. मी तिला सांगितलं की मायनं मारलं नाही. मायनं वाढलंच नव्हतं, हे सांगितलं नाही. तुझ्यासारखंच तिलाही वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तिला देऊन सुटका नाही. समोर बसून तोंडानंच सांगावं लागेल. दर पोळ्याला ठरवते, आणि माझा अजून धीर होत नाही.